काचेवरची मोळी: डेंग्यू वाटलेल्या एका रक्ताच्या कर्करोगाचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तारखा बदलल्या आहेत.)

द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस. निफाड तालुक्यात घरातली सगळी माणसं बागेत आणि दर दोन घरांआड एक जण तापाने पडलेला. पाऊस ओसरला की नाशिक जिल्ह्यात डेंग्यू येतो, हे आता कॅलेंडरात छापायचंच बाकी आहे. त्यामुळे बावीस वर्षांच्या एका मुलीला बारीक ताप आला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं आणि तालुक्याच्या गावी केलेल्या तपासणीत प्लेटलेट २८ हजार निघाल्या, तेव्हा कोणाला वेगळी शंका आली नाही. घरी सांगण्यात आलं, ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात.’ आपल्याकडे प्लेटलेटला पांढऱ्या पेशी म्हणायची पद्धत कुठून पडली देव जाणे. इथे गंमत अशी, की तिच्या खऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होत्या आणि रोग त्यांच्यातच होता.

पपईच्या पानांचा रस सुरू झाला, किवी आणली, ड्रॅगन फ्रूट आणलं. दोन दिवसांनी प्लेटलेट २१ हजार. पाळी नवव्या दिवशीही थांबेना. दंडावर, मांडीवर काळेनिळे डाग उमटले, कुठे आपटल्याचं तिला आठवत नव्हतं. डेंग्यूची एनएस-वन चाचणी निगेटिव्ह होती, पण ‘कधीकधी येते निगेटिव्ह’ यावर सगळ्यांचं समाधान झालं. येतेही, त्यात खोटं काही नाही.

चौथ्या दिवशी तिला नाशिकला आणलं आणि रक्ताची नळी आमच्या लॅबमध्ये आली. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण मला सहसा नळीतूनच भेटतात.

प्लेटलेट १४ हजार, पांढऱ्या पेशी १,८००, हिमोग्लोबिन ७.९. आधीचे दोन रिपोर्ट सोबत जोडलेले होते, त्यात हिमोग्लोबिन १०.२ आणि ९.१. खरं तर इथेच थबकायला हवं होतं. डेंग्यू गंभीर होतो तेव्हा रक्तातलं पाणी नळ्यांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वर चढतं. हिचं तर पायरी पायरीने उतरत होतं. आधीच्या एका रिपोर्टवर मशीनने कोपऱ्यात एक तारा छापला होता. ‘मला या पेशी नीट ओळखता आल्या नाहीत, काच बघा’ असा त्याचा अर्थ असतो. काच म्हणजे रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली काचपट्टी, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. काच कोणी बघितली नव्हती. ती लॅब कुठली, हे सांगून उपयोग नाही. तापाच्या साथीत दिवसाला शंभर नळ्या येतात तेव्हा आमच्याकडेही प्रत्येक काच बघितली जात होती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आता ५० हजारांच्या खाली प्लेटलेट असलेली प्रत्येक काच बघितली जाते. ती सवय या प्रकरणाने लावली.

काच

पांढऱ्या पेशीच कमी, त्यामुळे शोधावं लागलं. लीशमनच्या रंगात काच जांभळी-गुलाबी दिसते. लाल पेशींच्या गर्दीतून सरकत सरकत काचेच्या कडेपर्यंत गेले आणि तिथे पहिली सापडली. मोठी पेशी, मधोमध चिमटलेलं केंद्रक, डमरूसारखं. सगळ्या अंगभर दाणे, इतके दाट की केंद्रकाची कडाही नीट दिसू नये. तिच्या शेजारी दुसरी होती, आणि तिच्या पोटात किरमिजी काड्या. एखादी काडी असती तर तीही रक्ताच्या कर्करोगाचीच खूण, तिला आउअर रॉड म्हणतात. इथे काड्यांचा भारा होता, जंगलातून सरपण बांधून आणावं तशी मोळी. पुस्तकांतलं या पेशीचं इंग्रजी नावही मोळीवरूनच पडलंय.

ही मोळी दिसली की निदान जवळपास ठरतं: ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात एपीएल. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या शंभरातले दहा-पंधरा रुग्ण या प्रकारचे असतात. १९५७ मध्ये नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांवरून हा वेगळा आजार म्हणून पहिल्यांदा मांडला. त्यांच्या वर्णनात दोन गोष्टी ठळक होत्या: प्रचंड रक्तस्राव आणि काही आठवड्यांत मृत्यू.

रक्त का वाहतं, हे कळलं की घाई का करायची तेही कळतं. या पेशी रक्त गोठवणारा पदार्थ सगळीकडे सांडत जातात आणि गोठलेलं विरघळवणारी यंत्रणाही त्याच पेटवतात. शरीर नको तिथे रक्त गोठवत बसतं, त्यात कच्चा माल संपतो आणि हवं तिथे गोठवायला काही उरत नाही. त्या कच्च्या मालातलं मुख्य प्रथिन फायब्रिनोजेन, ते तिचं ८८ आलं. निदान दीडशेच्या वर तरी हवं. पुढचा स्राव मेंदूत झाला असता तर बाकी सगळ्या चर्चेला अर्थच राहिला नसता.

संध्याकाळी सात वाजता मी रक्तविकारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी फोटो मागितला. मोळीचा फोटो मोबाइलवर गेला आणि मिनिटभरात उत्तर आलं, ‘अट्रा मिळतंय का बघायला सांगतो.’

रिपोर्टच्या आधी गोळी

अट्रा म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारा पदार्थ. औषधाच्या दुकानात त्याचं नाव ट्रेटिनॉइन. मुरमांवर लावायच्या मलमात असतं तेच. इथे १० मिलिग्रॅमच्या मऊ कॅप्सूल लागतात. डोस अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतो, चौरस मीटरला ४५ मिलिग्रॅम. हिला दिवसाला ७० बसत होते: सकाळी चार, रात्री तीन.

एपीएलमध्ये नियम असा की नुसती शंका आली तरी पहिला डोस द्यायचा, जनुकीय तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. निदान चुकलं तर चार दिवस अट्रा घेतल्याने फारसं बिघडत नाही. बरोबर असेल आणि चार दिवस वाट बघितली, तर रुग्ण हातचा जाऊ शकतो. शहरातल्या एका दुकानात वीस कॅप्सूल निघाल्या. बाकीच्या तिचा मामा दुसऱ्या दिवशी कसारा घाट उतरून मुंबईहून घेऊन आला.

पहिल्या डोसआधी गर्भ नसल्याची चाचणी करावी लागते, कारण रेटिनॉइक ॲसिड पोटातल्या बाळाच्या घडणीत भयंकर गोंधळ घालतं. आईला ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. ‘मॅडम, लग्न नाही झालं तिचं अजून.’ सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, नियम आहे. सगळ्यांचीच करतात.’ मुलगी गादीवर पडल्या पडल्या म्हणाली, ‘करू दे गं आई.’ पहिला डोस रात्री पावणेबाराला पोटात गेला. रात्रभर प्लेटलेट आणि क्रायो, म्हणजे रक्त गोठवणारे घटक, चालू होतं. रक्तपेढीत तिचे चुलतभाऊ बागेतल्या कपड्यांवरच रांगेत उभे होते.

दोन कुलपं, एकच अपघात

आता पेशीच्या आत काय मोडलं होतं ते. माझ्या मते कर्करोग रोखणाऱ्या दोन वेगवेगळ्या व्यवस्था एकाच वेळी समजून घ्यायच्या तर यापेक्षा चांगला आजार नाही.

पहिली व्यवस्था न्यूक्लियर रिसेप्टरची. संप्रेरकं आणि जीवनसत्त्वांचे काही निरोप पेशीच्या दारावर थांबत नाहीत. ते थेट आत शिरतात आणि आतल्या ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटतात. हा ग्राही स्वतःच डीएनएवर बसतो आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हे ठरवतो. माणसात असे ४८ ग्राही आहेत. इस्ट्रोजेनचा, प्रोजेस्टेरॉनचा, स्टेरॉइडचा, थायरॉइडचा, ड जीवनसत्त्वाचा. आपल्या कामाचा आहे तो रेटिनॉइक ॲसिडचा अल्फा ग्राही, आरएआर-अल्फा. अस्थिमज्जेत कोवळ्या पेशीला ‘आता पुरे वाढलीस, न्यूट्रोफिल हो आणि कामाला लाग’ असं सांगणाऱ्यांपैकी हा एक. न्यूट्रोफिल म्हणजे पूर्ण वाढलेली, कामाची पांढरी पेशी. रेटिनॉइक ॲसिड नसेल तेव्हा तो जनुकांवर झाकण घालून बसतो. दाबून ठेवणारी प्रथिनं गोळा करतो आणि तिथला डीएनए घट्ट गुंडाळलेला राहतो. रेटिनॉइक ॲसिड येऊन चिकटलं की त्याच्या एका टोकाची घडी मिटते, दाबणारी मंडळी निघून जातात, उघडणारी येतात आणि पेशी पिकायला लागते.

दुसरी व्यवस्था ट्यूमर सप्रेसरची, म्हणजे गाठ रोखणाऱ्या जनुकांची. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कर्करोगावरून मांडलं की अशा जनुकाच्या आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, दोन फटके बसावे लागतात. या घराण्यातला सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे पी-५३. डीएनए तुटला की पेशीची वाढ थांबवायची, दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावायचं, हे त्याचं काम. १९७९ मध्ये तो सापडला तेव्हा तो कर्करोग करणारा आहे असाच समज होता. खरा स्वभाव कळायला दहा वर्षं गेली. पी-५३ ला कामाला लावणाऱ्यांपैकी एक आहे पीएमएल नावाचं प्रथिन. निरोगी पेशीच्या केंद्रकात पीएमएलचे दहा-वीस गोल ठिपके दिसतात. पी-५३ तिथे येतो, त्याच्यावर रासायनिक खुणा होतात आणि तो तयार होऊन बाहेर पडतो.

पीएमएलचं जनुक १५ व्या गुणसूत्रावर, आरएआर-अल्फाचं १७ व्या. एपीएलमध्ये ही दोन्ही गुणसूत्रं मधेच तुटतात आणि जोडताना तुकड्यांची अदलाबदल होते. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. दोन जनुकं सांधली जाऊन एक जोडप्रथिन तयार होतं: पुढचा भाग पीएमएलचा, मागचा ग्राहीचा. एका दगडात दोन पक्षी. जोडप्रथिन डीएनएवर बसतं ते दाबणाऱ्या मंडळींना घट्ट मिठी मारून. शरीरातल्या नेहमीच्या रेटिनॉइक ॲसिडला ती मिठी सुटत नाही, त्यामुळे पेशी प्रोमायलोसाइटच्या, म्हणजे न्यूट्रोफिल होण्याआधीच्या कोवळ्या वयातच अडकते. शिवाय ते चांगल्या पीएमएललाही ओढून नेतं. ते दहा-वीस ठिपके फुटून शेकडो बारीक कणांचा चुरा होतो आणि पी-५३ चा तळ मोडतो. नुडसनचा दुसरा फटका इथे बसायची गरजच उरत नाही. दोन्ही जनुकांची एकेक प्रत शाबूत असते, पण बिघडलेलं प्रथिन चांगल्यालाही काम करू देत नाही.

उपचाराच्या चौथ्या दिवशी मुंबईहून फिश या जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. या तपासणीत एका जनुकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा चमकणारा रंग देतात. दोन्ही एकत्र आली की ठिपका पिवळा दिसतो. शंभरातल्या बहुतेक पेशींत पिवळा होता. हा रिपोर्ट नुसती औपचारिकता नाही. आरएआर-अल्फा क्वचित दुसऱ्याच एखाद्या जनुकाशी सांधला जातो. ११ व्या गुणसूत्रावरच्या पीएलझेडएफशी जुळलेला प्रकार अट्राला जवळजवळ दाद देत नाही.

‘घड जिरला म्हणा की’

तिचे वडील, घरात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, पाचव्या दिवशी लॅबमध्ये आले. डॉक्टरांनी समजावलं होतं, पण त्यांना ‘कॅन्सर असून केमो का नाही’ हे पटत नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून सांगू लागले, की पेशी लहानपणीच अडकली आहे, वाढत जाते पण कामाची होत नाही. ते मधेच म्हणाले, ‘म्हणजे वेल नुसता माजलाय, माल धरत नाही.’ आणि थोडं थांबून, ‘घड जिरला म्हणा की. घड निघायचा तिथं बाळी निघाली.’

बागाईतदाराला हे वेगळं समजवावं लागत नाही. ज्या डोळ्यातून घड निघायचा तिथून नुसता बाळीचा तणावा निघतो. वेल जिवंत असते, जोरात असते, फक्त पुढचं वळण घेत नाही. तोडून टाकल्याने घड येत नाही, वळण द्यावं लागतं. त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांनाही हेच उदाहरण देते. निदान नाशिकचे विद्यार्थी तरी मान डोलावतात.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले, दर घरातून येतात तेच. फवारणीमुळे झालं का? एका माणसाच्या बाबतीत तसं बोट दाखवता येत नाही. आधी दुसऱ्या आजारासाठी माइटोझॅन्ट्रोन किंवा इटोपोसाइडसारखी केमोची औषधं घेतलेल्या काहींना नंतर एपीएल होतो, हे मात्र पक्कं माहीत आहे. हिने तसलं काही घेतलेलं नव्हतं. धाकटीलाही होईल का? नाही. हा बिघाड अस्थिमज्जेतल्या एका पेशीत जन्मानंतर झालेला आहे, तो रक्ताच्या नात्यातून उतरत नाही. पी-५३ किंवा बीआरसीए-१ नावाच्या दुसऱ्या ट्यूमर सप्रेसरचा जन्मजात दोष घेऊन येणारी घराणी वेगळी.

तिसरा प्रश्न आईने विचारला. अ जीवनसत्त्वाचंच औषध आहे तर बाकीच्या पोरांना गाजराचा रस चालू करू का? गाजर खाऊ द्या, चांगलंच आहे. पण जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो हा हिशेब बरोबर येत नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर तो करून बघितला होता. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचे कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाले. ग्राही आपलं काम नेमक्या मापात आणि नेमक्या जागी करतो. वरून ओतलं म्हणून तो जास्त प्रामाणिक होत नाही.

औषध आधी, कुलूप नंतर

या औषधाचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो उलटा घडला. १९८५ मध्ये शांघायच्या वांग झेन्यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला तोंडाने रेटिनॉइक ॲसिड दिलं. ती केमोला दाद देत नव्हती, हातातून जात होती. ती बरी झाली. तेव्हा आरएआर-अल्फा हा ग्राही कोणाला माहीतही नव्हता, तो १९८७ च्या शेवटी सापडला. १९८८ मध्ये वांग यांच्या गटाने २४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता आणि तोही अस्थिमज्जा जाळून न टाकता. १७ व्या गुणसूत्रावर तुटतंय ते नेमकं याच ग्राहीचं जनुक, हे कळायला १९९० उजाडलं.

पण नुसत्या अट्रावर रोग काही महिन्यांत परत यायचा. पेशी पिकायच्या, तरी मूळ शिल्लक राहायचं. दुसरा धागा निघाला उत्तर चीनच्या हार्बिनमध्ये. झांग तिंगदोंग आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात खेड्यातल्या एका औषधाची पारख करत होते. त्यात तीन वस्तू होत्या: सोमल, पाऱ्याचा क्षार आणि बेडकाचं विष. खरं काम सोमलाचं निघालं.

सोमल म्हणजे आर्सेनिक. सहाव्या दिवशी हिला ते शिरेतून सुरू झालं, किलोला ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज साडेसात. सिस्टरांनी साध्या भाषेत सांगायला म्हणून ‘सोमल’ म्हटलं आणि आजी उठूनच बसली. सोमल घालून माणसं मारल्याच्या गोष्टी तिने ऐकलेल्या. तिची समजूत घालायला अर्धा तास गेला.

सोमल जोडप्रथिनाच्या पीएमएलच्या बाजूला पकडतं, अट्रा ग्राहीच्या बाजूला. दोन्ही बाजूंनी धरलेलं प्रथिन पेशीची कचरा-यंत्रणा फोडून टाकते. ते गेलं की चांगलं पीएमएल पुन्हा गोळा होतं, ठिपके परत दिसू लागतात आणि पी-५३ कामावर येतो. एपीएलमध्ये पी-५३ चं जनुक सहसा शाबूत असतं, फक्त त्याचा तळ मोडलेला असतो. पॅरिसच्या ह्यूग द टे यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं की पीएमएल आणि पी-५३ ही साखळी नसेल तर पेशी पिकतात, पण रोग बरा होत नाही. म्हणजे ग्राहीचं कुलूप उघडणं ही निम्मीच लढाई. उरलेली निम्मी ट्यूमर सप्रेसर लढतो.

इटलीच्या फ्रांचेस्को लो-कोको यांच्या चाचणीत, २०१३ मध्ये, पांढऱ्या पेशी १० हजारांच्या आत असलेल्या रुग्णांना अट्रा आणि सोमल दिलं. केमो नाहीच. दोन वर्षांनी ९७ टक्के जण रोग न उलटता सुखरूप होते, तर अट्रा आणि केमो घेतलेल्यांत हाच आकडा ८६ टक्के. आपल्याकडे वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००६ मध्येच ७२ रुग्णांवर एकट्या सोमलाचा अनुभव मांडला होता, त्यात ८६ टक्क्यांचा रोग आटोक्यात आला. तिथून पुढे भारतात हा उपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

नववा दिवस

नवव्या दिवशी पहाटे तिला धाप लागली. वजन चार किलोने वाढलेलं, ताप, ऑक्सिजन ८६, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत सावल्या. पांढऱ्या पेशी १,८०० वरून ३१ हजारांवर. नातेवाइकांना वाटलं रोग उसळला. खरं तर उलटं होतं. अडकलेल्या पेशी एकदम पिकायला लागल्या की त्या फुप्फुसांत, ऊतींत घुसतात, रसायनं सोडतात. याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात. तो टाळायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या दिवसापासून चालू असूनही तो आला. डेक्सामेथासोन दर बारा तासांनी १० मिलिग्रॅम, पेशी आवरायला हायड्रॉक्सियुरिया, आणि अट्रा-सोमल दोन्ही तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी ऑक्सिजन नळीशिवाय ९५ झाला आणि औषधं परत सुरू केली.

फाईल चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डेक्सामेथासोन काम करतं ते स्टेरॉइडच्या ग्राहीवर. पाळी थांबवायला दिलेलं नॉरएथिस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीवर. अट्रा तिसऱ्यावर. एका मुलीच्या खाटेशेजारच्या कागदावर ४८ मधले तीन न्यूक्लियर रिसेप्टर हजर होते.

बाकीचे आठवडे कंटाळवाणे होते आणि तसेच असावेत. सोमलाने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून नेमाने ईसीजी, पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम १.८ च्या वर. ३४ व्या दिवशी अस्थिमज्जा तपासली, रोग आटोक्यात. या टप्प्यावर जोडजनुकाची पीसीआर पॉझिटिव्ह आली तरी घाबरायचं नसतं. पिकत चाललेल्या पेशींतही ते जनुक असतंच. खरी परीक्षा उपचाराच्या शेवटी असते.

पुढे होते सोमलाचे चार हप्ते: चार आठवडे आठवड्यातून पाच दिवस, मग चार आठवडे सुट्टी, असे एकूण ८० डोस. सोबत अट्रा दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद. रोज निफाडहून ये-जा नको म्हणून ती नाशिकच्या सिडकोत मावशीकडे राहिली. मधल्या सुट्टीत कॉलेजची एक परीक्षाही देऊन आली. शेवटी पीसीआर निगेटिव्ह आली.

त्यानंतर एकदा ती तपासणीसाठी रक्त द्यायला आली तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, ती मोळी मला बघायची आहे.’ मी पहिल्या दिवसाची काच लावली. तिने बराच वेळ डोळा लावून ठेवला. मग मी दुसरी काच लावली, सोळाव्या दिवसाची, जी मी खास जपून ठेवली आहे. त्यात एक न्यूट्रोफिल आहे, पूर्ण वाढलेला, केंद्रकाचे तीन भाग नीट वेगळे. आणि त्याच्या पोटात एक किरमिजी काडी. निरोगी मज्जेतून आलेल्या न्यूट्रोफिलमध्ये ती काडी कधीच नसते. म्हणजे ही तीच कर्करोगाची पेशी, मेली नाही, मोठी झाली.

‘मग पुढे हिचं काय झालं?’

‘न्यूट्रोफिल रक्तात दिवसभरही टिकत नाही. हा तर काचेवर आला म्हणून राहिला. त्याच्यासारखे बाकीचे त्याच दिवशी आपोआप गेले असतील.’

तिने परत डोळा लावला, फोकसचं चाक स्वतःच थोडं फिरवून काडी स्पष्ट करून घेतली. मग घड्याळ बघून म्हणाली, ‘पाचची निफाड गाडी चुकेल’, आणि दंडावरचा कापूस कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकून निघाली.